प्रश्न तुमचे : या पॉइंटरचा मालक कोण?

गेल्या दोन महिन्यांत सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेतले पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) आणि मेमरी यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे फक्त गावं दिली आहेत आणि प्रश्न थोडे आखूड केलेत.

नांदेड, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष : मी ‘विद्यार्थी’ नावाचा क्लास केलाय. नावासाठी कॅरेक्टर पॉइंटर आहे, कन्स्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) न्यू करते, म्हणजे मेमरी मागते, आणि डिस्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट संपताना चालणारं) डिलीट, म्हणजे ती परत करते. कॉलेजच्या लॅबमधे टर्बो या कंपायलरवर व्यवस्थित चालतं, पण घरी उबुंटू लिनक्सवर जी प्लस प्लस या कंपायलरने चालवलं की आउटपुट येतं आणि शेवटी ‘डबल फ्री डिटेक्टेड’ असं काहीतरी छापून प्रोग्राम पडतो. सगळे म्हणतात लॅपटॉपमधेच गडबड आहे. खरंच का?

नाही गं, लॅपटॉप अगदी बरोबर सांगतोय. तू पाठवलेल्या कोडमधे कारण दिसतंय. तुझं ‘छापा’ नावाचं फंक्शन आहे ना, त्याला तू ऑब्जेक्ट तसाच देतेस, रेफरन्सने (मूळ ऑब्जेक्टचंच दुसरं नाव) नाही, म्हणजे आत जाताना त्याची कॉपी होते. कॉपी कशी करायची ते तू लिहिलेलं नाहीस म्हणून कंपायलर स्वतःचा कॉपी कन्स्ट्रक्टर लावतो आणि तो एकेक मेंबर जसाच्या तसा उतरवून घेतो, रोल नंबर १७ असेल तर १७, आणि पॉइंटरमधे जो पत्ता असेल तो पत्ता. नावाची अक्षरं कॉपी होतच नाहीत. समज ‘सुनीता’ ही अक्षरं हीपवर (न्यू केल्यावर जागा जिथून मिळते तो मेमरीचा भाग) ५००० या पत्त्यावर आहेत, तर आता मूळ ऑब्जेक्टमधेही ५००० आहे आणि कॉपीतही ५०००. फंक्शन संपलं की कॉपीचा डिस्ट्रक्टर चालतो आणि ५००० ची जागा परत करून टाकतो. मूळ ऑब्जेक्टला याची खबरही नसते. मग मेन संपताना त्याचा डिस्ट्रक्टर चालतो आणि तीच जागा दुसऱ्यांदा परत करायला जातो, तिथे लिनक्सची सी लायब्ररी त्याला पकडते आणि प्रोग्राम थांबवते. म्हणजे चूक टर्बोवरही होतीच, फक्त तिथे ती कोणी पकडली नाही.

टर्बो सी प्लस प्लस ३ हे १९९१ चं, डॉसच्या काळातलं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच १९९८ साली आलं, म्हणजे लॅबमधला कंपायलर स्टँडर्डच्याही आधीचा आहे. डॉसमधे प्रोग्रामला चुकीच्या पत्त्यावर लिहिण्यापासून अडवणारं कोणी नव्हतं, कुठेही लिहिलं तरी गाडी पुढे जायची, फार तर प्रोग्राम संपल्यावर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी एक ओळ यायची. माझं मनापासून म्हणणं आहे की पॉइंटर टर्बोवर शिकवूच नयेत, कारण पोरांना ‘चाललं’ आणि ‘बरोबर आहे’ यातला फरक कळण्याची संधीच तिथे मिळत नाही.

आता उपाय. ‘छापा’ला कॉन्स्ट रेफरन्स (फक्त वाचायचा, बदलायचा नाही) दे, हा क्रॅश जाईल, पण तेवढ्याने क्लास नीट झाला असं समजू नकोस, उद्या कोणीतरी एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला असाइन करेल आणि पुन्हा तेच, शिवाय तिथे जुन्या नावाची जागा हरवेल ते वेगळंच. डिस्ट्रक्टर स्वतः लिहायची वेळ आली तर कॉपी कन्स्ट्रक्टर आणि कॉपी असाइनमेंटपण लिहायचे, याला रूल ऑफ थ्री म्हणतात, २०११ नंतर मूव्हचे (कॉपी न करता आतली जागा दुसऱ्याकडे सोपवायचे) दोन धरून पाच झाले. परीक्षेसाठी एकदा हे सगळं हाताने लिही, कागदावर पत्ते मांडून लिही, त्याने जे कळतं ते वाचून कळत नाही. आणि नंतर तो कॅरेक्टर पॉइंटर काढून स्ट्रिंग टाक, डिस्ट्रक्टर पुसून टाक, बाकीचे चारही पुसून टाक, क्लास आहे तसा बरोबर चालेल. स्ट्रिंग स्वतःची मेमरी स्वतः सांभाळते. याला रूल ऑफ झीरो म्हणतात आणि रोजच्या कामात शंभरातल्या नव्वद क्लासना हेच पुरतं.

पुणे, हिंजवडी : दोन वर्षं झाली नोकरीला. टीमचा नियम आहे की रॉ म्हणजे साधा पॉइंटर कुठेच नको, सगळीकडे शेअर्ड पॉइंटर. तरी आमची सर्व्हिस दिवसभर फुगत जाते आणि रात्री रीस्टार्ट करावी लागते. मग अशा, जागा आपोआप परत करणाऱ्या स्मार्ट पॉइंटरचा फायदा काय?

तुमच्या टीमने पॉइंटर बदलले पण मालक कोण हे ठरवलं नाही, मला तरी मूळ तिथेच वाटतं. आपल्याकडे जमिनीचा प्रश्न आला की पहिल्यांदा सातबारा बघतात, कसतो कोण, राहतो कोण हे नंतर. मेमरीचंही तसंच धरा. न्यू केलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, म्हणजे ती जागा परत करायची जबाबदारी कोणाची, हे कोड वाचूनच कळलं पाहिजे.

युनिक पॉइंटर म्हणजे एकाच नावाचा सातबारा. त्याची कॉपी होतच नाही, कंपायलर अडवतो. दुसऱ्याला द्यायचा तर मूव्ह लिहून द्यायचा, म्हणजे रीतसर फेरफार, नवीन नाव चढतं आणि जुन्याला कंस पडतो, जुना पॉइंटर नल म्हणजे रिकामा होतो. याच्या आधी १९९८ च्या स्टँडर्डमधे ऑटो पॉइंटर होता त्यात घोळ असा की साधी कॉपी केली तरी मालकी गुपचूप दुसऱ्याकडे जायची, म्हणजे कोणी सातबाऱ्याची झेरॉक्स मागावी आणि जमीनच त्याच्या नावावर व्हावी. २०११ मधे तो वापरू नका म्हणून जाहीर झालं आणि २०१७ मधे भाषेतून काढूनच टाकला.

शेअर्ड पॉइंटर म्हणजे सामाईक खातं. किती नावं आहेत याचा एक आकडा बाजूला ठेवलेला असतो, शेवटचं नाव कमी झालं की ऑब्जेक्ट जातो. आता तुमच्या कोडचा जो तुकडा पाठवलाय त्यात बघा. झाडासारखी रचना आहे, तिचा एकेक घटक म्हणजे नोड. मूळ नोड आहे, त्याच्याकडे दोन मुलांचे शेअर्ड पॉइंटर, आणि प्रत्येक मुलाकडे आई-नोडचा, म्हणजे त्या मूळ नोडचाच, शेअर्ड पॉइंटर. मूळ नोडचा आकडा किती? बाहेरच्या व्हेरिएबलचा एक आणि दोन मुलांचे दोन, तीन. काम संपलं, बाहेरचं व्हेरिएबल गेलं, तीनाचे दोन झाले. ते दोन मुलांनी धरलेत आणि मुलांना मूळ नोडने धरलंय. बाहेरून कोणीही त्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही तरी आकडा शून्यावर येत नाही, आणि प्रत्येक रिक्वेस्टला असं एक झाड मागे राहतं.

मुलाकडून आईकडे जाणारा दुवा वीक पॉइंटर करा. वीक पॉइंटर आकड्यात धरला जात नाही, वापरायच्या वेळी त्याला लॉक म्हणायचं, ऑब्जेक्ट जिवंत असेल तर तेवढ्यापुरता शेअर्ड पॉइंटर मिळतो, नसेल तर रिकामा मिळतो आणि तो तपासायचा. अजून एक जागा नक्की शोधा, ऑब्जेक्टच्या आतच कॉलबॅक (नंतर बोलावायचं फंक्शन) लॅम्डा म्हणजे बिननावाचं फंक्शन म्हणून साठवलाय आणि त्या लॅम्डाने त्याच ऑब्जेक्टचा शेअर्ड पॉइंटर कॅप्चर केलाय, म्हणजे आपल्याजवळ धरून ठेवलाय असं कुठे आहे का, कारण हे चक्र क्लासच्या मेंबरमधे दिसत नाही आणि सर्व्हर कोडमधे मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय. आणि कोणी ‘धिस’वरून (ऑब्जेक्टचा स्वतःचा साधा पॉइंटर) परस्पर नवा शेअर्ड पॉइंटर बनवत असेल तर ताबडतोब थांबवा, एकाच ऑब्जेक्टचे दोन वेगवेगळे आकडे तयार होतात आणि दोघंही त्याला डिलीट करतात.

राहिला तुमचा रॉ पॉइंटर नको हा नियम. माझ्या मते तो बदलून घ्या. रॉ पॉइंटर किंवा रेफरन्स म्हणजे शेतात कामाला आलेला माणूस, काम करेल आणि जाईल, शेत विकायचा त्याला हक्क नाही. फंक्शनला ऑब्जेक्ट फक्त वाचायचा असेल तर रेफरन्स द्या, शेअर्ड पॉइंटर कशाला, प्रत्येक कॉपीला तो आकडा अ‍ॅटॉमिक पद्धतीने (दोन थ्रेडची गल्लत होऊ न देता) वाढतो आणि कमी होतो, त्यालाही वेळ लागतोच. रॉ पॉइंटरवर डिलीट लिहायचं नाही, एवढा नियम ठेवा. सुरुवात युनिकपासून करा, दोन मालक खरोखर लागतात असं दाखवता आलं तरच शेअर्ड. आमच्याकडे असं बदलल्यावर शेअर्ड फार थोड्या ठिकाणी उरले.

सोलापूर : डिलीट केल्यावर पॉइंटर लगेच नल करावा असं शिकवलंय. तेवढं पुरतं का?

पुरत नाही. नल पॉइंटर डिलीट केला तर काही होत नाही, म्हणून त्या एका व्हेरिएबलपुरता फायदा आहे, पण तोच पत्ता आणखी तीन ठिकाणी कॉपी झाला असेल तर ते तिघं जुन्या पत्त्यालाच धरून बसतात. युनिक पॉइंटर वापरलात तर हा प्रश्नच फारसा येत नाही.

नाशिक : प्रत्येक इंटरव्ह्यूला विचारतात, बेस क्लासचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल का करायचा. उत्तर पाठ आहे पण प्रत्यक्षात याने कोणाचं काही अडतं का?

अडतं, आणि ते मी जवळून बघितलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझी पहिली नोकरी, कागद स्कॅन करून साठवायचं सॉफ्टवेअर. ‘पान’ असा बेस क्लास आणि त्यातून काढलेला ‘चित्रपान’, ज्याच्यात स्कॅन झालेल्या चित्राचे बाइट्स एका व्हेक्टरमधे (गरजेप्रमाणे वाढणारी यादी). ए-फोर कागद ३०० डीपीआयला ग्रे रंगात म्हणजे २४८० गुणिले ३५०८, साधारण ८७ लाख बाइट, पानाला साडेआठ एमबीच्या वर. पानं बेस पॉइंटरमधे धरलेली आणि काम झालं की त्या बेस पॉइंटरवरच डिलीट. बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नव्हता, म्हणजे ऑब्जेक्टचा खरा प्रकार बघून त्याचाच डिस्ट्रक्टर चालव असं कंपायलरला सांगितलेलं नव्हतं. भाषेच्या नियमाप्रमाणे असं डिलीट करणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, काहीही होऊ शकतं, आमच्याकडे झालं ते असं की फक्त ‘पान’चा डिस्ट्रक्टर चालायचा आणि व्हेक्टरला कोणी सोडवायचंच नाही. ३२ बिटची विंडोज, प्रोसेसला वापरायला २ जीबी, हिशोब करा, सव्वादोनशे-अडीचशे पानं झाली की प्रोग्राम बंद.

गिऱ्हाइकाकडे स्कॅनिंगला एक बाई होत्या, त्या रोज जेवणाच्या सुट्टीआधी फोन करायच्या की बंद पडलं, चालू असलेला गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतोय. त्यांचा आवाज मला अजून आठवतो, चिडलेला नव्हता, थकलेला होता. आम्ही नऊ दिवस स्कॅनरचा ड्रायव्हर, रॅम, अँटिव्हायरस सगळ्यांवर संशय घेतला, शेवटी एका सीनिअरने ‘चित्रपान’च्या डिस्ट्रक्टरवर ब्रेकपॉइंट (तिथे पोचलं की प्रोग्राम थांबवणारी खूण) ठेवला आणि तो एकदाही लागला नाही. एक शब्द घातला, व्हर्च्युअल, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

यात एक बारकी गोष्ट आहे जी इंटरव्ह्यूत सहसा कोणी सांगत नाही. डिराइव्हड, म्हणजे बेसमधून काढलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट थेट बनवून बेसच्या शेअर्ड पॉइंटरमधे ठेवला तर खरा प्रकार कुठला आणि तो कसा पुसायचा हे शेअर्ड पॉइंटर बनवतानाच लक्षात ठेवतो, त्यामुळे व्हर्च्युअल नसलं तरी तो निभावून नेतो. युनिक पॉइंटर तसं काही लक्षात ठेवत नाही, तो बेसवरच डिलीट करतो. म्हणून कोणी शेअर्डचं युनिक केलं की इतकी वर्षं झाकलेली चूक त्या दिवशी वर येते. जीसीसी या कंपायलरला (जी प्लस प्लस त्यातलाच) नॉन-व्हर्च्युअल-डीटॉरची वॉर्निंग वेगळी चालू करून ठेवा, ती क्लास लिहितानाच ओरडते.

कोल्हापूर : स्वतःची छोटी गेम करतोय. शत्रूंचा व्हेक्टर आहे, त्यातल्या एकाचा पॉइंटर ‘निशाणा’ म्हणून ठेवलाय. नवीन शत्रू आला की कधीकधी निशाण्याची व्हॅल्यू एकदम कचरा होते. मी कुठेही डिलीट केलेलं नाही.

तुम्ही केलं नाही, व्हेक्टरने केलं. व्हेक्टर सगळे घटक एका सलग जागेत ठेवतो आणि जागा भरली की दुसरीकडे मोठी जागा घेऊन सगळ्यांना तिकडे हलवतो आणि जुनी जागा परत करतो. जीसीसीत ही क्षमता १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, म्हणून चौथ्या शत्रूपर्यंत घेतलेला पत्ता पाचवा येताच जुना होतो आणि सहावा, सातवा, आठवा येताना काही होत नाही, तुमचं ‘कधीकधी’ ते हेच. गेमसाठी पत्ता ठेवण्यापेक्षा शत्रूचा नंबर ठेवा. मधलाच शत्रू मेला आणि व्हेक्टरमधून काढला की इंडेक्स म्हणजे यादीतले क्रमांकसुद्धा सरकतात, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा आयडी दिलेला चांगला. आधीच जागा रिझर्व्ह करून ठेवणं चालतं पण तो आकडा कधीच ओलांडला जाणार नाही अशी खात्री असेल तरच.

ठाणे : मुलगी सी प्लस प्लस शिकतेय. सगळीकडे रस्ट या दुसऱ्या भाषेचं रस्ट रस्ट चाललंय. तिचं वर्ष वाया जातंय का?

वाया जात नाही. रस्टचा बोलबाला उगीच नाही हे मात्र तिला सांगा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मधे आणि क्रोम ब्राउझरच्या क्रोमियमवाल्यांनी २०२० मधे आपापल्या सुरक्षेच्या चुका मोजल्या तेव्हा दोन्हीकडे साधारण ७० टक्के चुका मेमरीच्या निघाल्या. २०१४ मधे हार्टब्लीड ही चूक गाजली त्यात ओपनएसएसएल या इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत समोरच्याने सांगितलेली लांबी तपासलीच नव्हती, त्यामुळे एका वेळी ६४ केबीपर्यंत सर्व्हरची मेमरी बाहेर वाचता येत होती, पासवर्ड, किल्ल्या, जे असेल ते. अँड्रॉइडमधे नवीन कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला लागल्यावर मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ पर्यंत २४ टक्क्यांवर आला, आणि त्यासाठी जुना सगळा कोड पुन्हा लिहावा लागला नाही.

पण रस्ट काय करतं, तर वर लिहिलेला मालक कोण हा प्रश्न कंपायलर तुम्हाला प्रत्येक ओळीला विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. जिने सी प्लस प्लसमधे युनिक पॉइंटर मूव्ह केलेत तिला ते महिन्याभरात उमगतं. ब्राउझर, गेम इंजिन, डेटाबेस यात अजून पुष्कळ सी प्लस प्लस आहे आणि ते सांभाळायला माणसं लागणार आहेत. तिला शिकू द्या, फक्त २०११ नंतरचं सी प्लस प्लस शिकतेय ना एवढं बघा.

सातारा : एक बग तीन आठवडे सापडत नाहीये. प्रोग्राम कधीतरी क्रॅश होतो, आणि शोधायला प्रिंट टाकलं की क्रॅशच होत नाही. वेड लागायची वेळ आलीय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून परत केलेली मेमरी कुठेतरी वापरली जातेय असं वाटतं. परत केलेली जागा लगेच पुसली जात नाही, दुसरं कोणी ती घेईपर्यंत जुनी व्हॅल्यू तशीच दिसू शकते, आणि प्रिंट टाकलं की टायमिंग बदलतं, हीपची मांडणी बदलते, आणि चूक झाकली जाते. म्हणून प्रिंटने शोधणं सोडा. जीसीसी किंवा क्लँगला ‘-एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस’ आणि ‘-जी’ हे दोन फ्लॅग द्या (पहिल्याने सॅनिटायझर नावाचं तपासणीचं हत्यार चालू होतं), कंपाइल आणि लिंक दोन्ही वेळेस, आणि प्रोग्राम नेहमीसारखा चालवा. साधारण दुप्पट हळू चालेल. व्हॅलग्राइंड या दुसऱ्या हत्याराला पुन्हा कंपाइल करावं लागत नाही पण ते वीस-तीस पट हळू असतं, तुमचा बग कधीतरीच येतो म्हणताय तर आधी सॅनिटायझरच वापरा. सॅनिटायझर परत आलेली जागा लगेच कोणाला देत नाही, काही काळ बाजूला ठेवतं आणि तिला कोणी हात लावला की तिथेच प्रोग्राम थांबवतं. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओतही हे आहे. आणि तिथल्या साध्या डीबग बिल्डमधे पॉइंटरच्या जागी डीडीडीडी असा हेक्स आकडा दिसला तर ती परत केलेली मेमरी, सीडीसीडी दिसला तर न्यू केलेली पण कधीच न भरलेली.

रिपोर्ट बघून घाबरू नका, लांबलचक असतो पण त्यात तीनच याद्या महत्त्वाच्या. पहिली, मेमरी आता कुठे वापरली. दुसरी, ती कुठे परत केली. तिसरी, ती मुळात कुठे घेतली. सगळे जण पहिली यादी वाचून तिथे नल चेक टाकतात आणि पॉइंटर नल नसतोच, म्हणून काही फरक पडत नाही. तुम्ही दुसरी यादी आधी वाचा, ज्या फंक्शनने ती जागा परत केली ते तिचं मालक होतं का हे तिथे शोधा. तरी कळलं नाही तर पूर्ण रिपोर्ट पाठवा, नुसती पहिली ओळ नको, आणि सोबत त्या ऑब्जेक्टचा क्लास.